हातभर तिकीट, वीतभर पडदा

सबमिशन आणि ओरल संपल्या की आपल्या होस्टेलवर दरवर्षी एकाच विषयावर चर्चासत्र भरतं : पिक्चर कुठे बघायचा? एक पार्टी म्हणते, "जायचं तर पुण्याला, आयमॅक्सलाच. नाहीतर बघूच नये." दुसरी म्हणते, "आपल्या गावातल्या टॉकीजमध्ये काय वाईट आहे? पडदाच तर असतो शेवटी." तिसरी पार्टी लॅपटॉप उघडून बसलेली असते, तिला या वादाशी काही देणंघेणं नसतं. वाद रात्री दोनपर्यंत चालतो आणि शेवटी ज्याच्या खिशात पैसे त्याचं खरं होतं.

हा वाद आकड्यांनी बऱ्यापैकी मिटवता येतो, असं माझं मत आहे. आणि तो मिटवायला हवा. पुण्याची एक फेरी म्हणजे एसटीचं जाणं-येणं, जादा दराचं तिकीट आणि बाहेरचं जेवण. आपल्यातल्या कित्येकांचा तेवढ्या पैशांत मेसचा आठवडा निघतो. मागच्या सेमिस्टरला आमच्या विंगमधला एक जण "मला तसले पिक्चर आवडत नाहीत" म्हणून मागे राहिला. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही इतकंच. एवढे पैसे घालायचे तर त्या पैशांत नेमकं काय मिळतं, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे. चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून एवढंही जमणार नसेल तर काय उपयोग?

पडदा फुटांत नको, अंशांत मोजा

जाहिरातीत पडद्याची रुंदी फुटांत लिहिलेली असते. पण डोळ्याला फूट कळत नाहीत, कोन कळतो. पडद्याची दोन टोकं तुमच्या डोळ्याशी जो कोन करतात, तोच तुमच्यासाठी पडद्याचा खरा आकार. सूत्र बारावीच्या गणितातलं आहे. पडद्याची निम्मी रुंदी भागिले तुमचं अंतर, त्याचा टॅन इन्व्हर्स घ्या आणि दुप्पट करा.

आता काही उदाहरणं करून बघू.

टीव्ही रूममधला ३२ इंची टीव्ही साधारण ७१ सेंटिमीटर रुंद असतो. ३ मीटरवरून बघितला तर कोन येतो जेमतेम साडेतेरा अंश.

मोबाईल आडवा धरला तर पडदा १५ सेंटिमीटर. ३० सेंटिमीटरवर धरला तर कोन २८ अंश.

थिएटरचा १५ मीटर रुंद पडदा ३० मीटरवरून, म्हणजे अगदी शेवटच्या रांगेतून बघितला, तरी कोन २८ अंशच!

पुन्हा वाचा. शेवटच्या रांगेतला थिएटरचा पडदा आणि हातातला मोबाईल डोळ्यात सारखीच जागा व्यापतात. अनुभव सारखा नसतो हे मान्य. मोबाईल जवळ असल्याचं मेंदूला कळतं, थिएटरमध्ये काळोख असतो, आवाज छातीत घुमतो, शेजारी तीनशे माणसं एकदम हसतात. पण "मोठा पडदा" म्हणून आपण जे पैसे मोजतो ते शेवटच्या रांगेत बसून बरेचसे वाया जातात, हे मात्र खरं. त्याच पडद्यासमोर २० मीटरवर बसलात तर कोन ४१ अंश होतो.

मग किती अंश असले म्हणजे बरं? थिएटर उभारणाऱ्यांच्या जुन्या शिफारशींत मागच्या रांगेतूनही निदान ३० ते ३६ अंश मिळावेत असं सांगितलेलं असतं. माझा अनुभव असा की ४० ते ४५ अंशांत चित्र नीट भरून येतं आणि ६० च्या पुढे पडद्याच्या कडा विसरायला होतात. त्याहून पुढे सरकलात तर मान दुखते.

थिएटरमध्ये टेप घेऊन कोणी जाऊ देत नाही. त्यासाठी एक सोपी युक्ती आहे. हात समोर ताठ करा आणि वीत पसरा. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण २० अंश होतात. माझी वीत २१ सेंटिमीटर आणि डोळ्यापासून अंतर ६० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ बरोबर २०. उंच माणसाचा हात लांब आणि वीतही मोठी, त्यामुळे फारसा फरक पडत नाही. दिवे जायच्या आधी पडदा विती-वितीने मोजा. दोन विती भरला तर पैसे वसूल. तीन विती भरला तर त्याला खुशाल महाकाय म्हणा. दीड वीतही भरत नसेल, तर तिकिटावर कोणतंही नाव छापलेलं असू दे, तुम्ही मोबाईलच बघताय.

सत्तर एमएम म्हणजे काय होतं?

आपले वडील, काका "शोले सत्तर एमएमला बघितला होता" असं अभिमानाने सांगतात. हे ७० मिलिमीटर म्हणजे फिल्मच्या पट्टीची रुंदी. नेहमीची पट्टी ३५ मिलिमीटरची. तिच्यावरची स्कोप पद्धतीची एक चौकट साधारण २१ बाय साडेसतरा मिलिमीटरची असते. नेहमीच्या ७० एमएमची चौकट साधारण साडेअठ्ठेचाळीस बाय २२. क्षेत्रफळ काढलं तर जवळजवळ तिप्पट. चौकट मोठी म्हणजे तपशील जास्त, त्यातून प्रकाश जास्त जातो, आणि पडद्यावर नेताना ती कमी पटीने मोठी करावी लागते.

गंमत अशी की १९७५ चा 'शोले' मुळात ३५ एमएमवरच चित्रित झाला आणि प्रिंट काढताना तो ७० एमएमवर मोठा केला गेला. मोठं केल्याने नवीन तपशील येत नाही, हे फोटो झूम करणाऱ्या कोणालाही माहीत आहे. पण प्रकाश वाढला, चित्र स्थिर झालं आणि ७० एमएमच्या पट्टीवर चुंबकीय ध्वनिपट्टे बसत असल्याने स्टिरिओफोनिक आवाज मिळाला. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात हा चित्रपट पाच वर्षांहून जास्त चालला. थोडक्यात, फॉरमॅटच्या नावाइतकंच थिएटरही महत्त्वाचं, हे आपल्या आधीच्या पिढीने पैसे मोजून सिद्ध केलेलं आहे.

आयमॅक्सची करामत

आयमॅक्स ही कॅनडातली कल्पना. १९७० साली जपानमधल्या ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनात ती पहिल्यांदा दाखवली गेली आणि १९७१ मध्ये टोरांटोला पहिलं कायमचं थिएटर झालं. यांनी वेगळी फिल्म शोधली नाही. तीच ७० एमएमची पट्टी घेतली आणि आडवी पळवली! पट्टी उभी जाते तेव्हा चौकटीची रुंदी पट्टीच्या रुंदीपुरतीच मर्यादित राहते. आडवी नेली की पट्टीची रुंदी ही चौकटीची उंची होते आणि रुंदी हवी तेवढी घेता येते. त्यांनी एका चौकटीला १५ छिद्रांची लांबी घेतली. चौकट झाली साधारण ७० बाय साडेअठ्ठेचाळीस मिलिमीटर. म्हणजे ३५ एमएमच्या नऊपट, नेहमीच्या ७० एमएमच्या तिप्पट.

मेकॅनिकलवाल्यांसाठी इथे खरी मजा आहे. दोन छिद्रांमधलं अंतर ४.७५ मिलिमीटर. एका चौकटीला १५ छिद्रं, सेकंदाला २४ चौकटी. गुणाकार करा : सेकंदाला १.७१ मीटर फिल्म पळते. मिनिटाला १०२ मीटरहून जास्त. एवढ्या वेगाने, सेकंदाला २४ वेळा थांबत-थांबत, नेहमीच्या दातेरी चाकाने फिल्म ओढली तर छिद्रं फाटतील. म्हणून 'रोलिंग लूप' नावाची पद्धत वापरली. फिल्मची लाटेसारखी घडी पुढे सरकत जाते आणि चौकट लेन्ससमोर अलगद येऊन बसते. ती हलू नये म्हणून हवेच्या निर्वाताने धरली जाते. दिवा १५ किलोवॅटपर्यंतचा झेनॉन, तोही पाण्याने थंड ठेवावा लागतो.

२०२३ चा 'ओपनहायमर' तीन तासांचा. वरच्या हिशेबाने १८० मिनिटांची फिल्म १८ किलोमीटरहून लांब होते. तिचं वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास होतं. या पद्धतीने तो जगात जेमतेम ३० थिएटरांत लागला आणि त्यात भारतातलं एकही नव्हतं. आपल्याकडे ज्यांनी तो "आयमॅक्सला" बघितला, त्यांनी डिजिटल बघितला. त्यात कमीपणा काही नाही, पण फरक माहीत असावा.

आपल्याकडचे मोठे पडदे

आपल्याकडे खरी आयमॅक्स फिल्म कधी आलीच नाही असं मात्र नाही. २००१ मध्ये मुंबईत वडाळ्याला घुमटाचं आयमॅक्स सुरू झालं. प्रेक्षक घुमटाखाली रेलून बसायचे आणि चित्र डोक्यावरून मागे जायचं. पुढे घुमट गेला, सपाट पडदा आणि डिजिटल प्रोजेक्टर आला. २००३ मध्ये हैदराबादला प्रसाद्सचा ९५ बाय ७२ फुटांचा पडदा सुरू झाला. मीटरमध्ये २९ बाय २२. या पडद्यासमोर २२ मीटरवर बसलात तर आडवा कोन ६७ अंश येतो आणि उभा ५३. सव्वातीन विती रुंद, अडीच वितींहून जास्त उंच! फिल्मचा जमाना संपल्यावर तिथून आयमॅक्सचं नाव गेलं. तरीही तिथे आज 'पीसीएक्स' नावाने मोठा पडदा चालू आहे आणि लोक आवडीने जातात.

नाव एक, घाट वेगळे

२००८ पासून आयमॅक्सने डिजिटल प्रोजेक्टर बसवायला सुरुवात केली. त्यात दोन 'टू-के' प्रोजेक्टर एकाच पडद्यावर एकावर एक चित्र टाकायचे. यामुळे मल्टिप्लेक्समधल्या तयार हॉलमध्येही आयमॅक्स बसू लागलं. पण मूळ फिल्मचा घाट १.४३ होता, म्हणजे उंची एक तर रुंदी १.४३. डिजिटलचा घाट झाला १.९०. रुंदी २० मीटर धरली, तर पहिल्याची उंची १४ मीटर, दुसऱ्याची साडेदहा. वरचं-खालचं मिळून चौथा हिस्सा गेला. पुढे लेसर प्रोजेक्टर आले. त्यातल्या मोठ्या दुहेरी प्रकाराला १.४३ चा पूर्ण घाट भरता येतो, एकेरी प्रकार बहुधा १.९० लाच थांबतो. भारतातले बहुतेक आयमॅक्स पडदे १.९० घाटाचे आहेत.

यातून पहिला व्यवहारी धडा निघतो. चित्रपट कोणत्या घाटात काढलाय ते आधी बघा. आपले बरेचसे मोठे चित्रपट स्कोपमध्ये, म्हणजे २.३९ घाटात असतात. असा चित्रपट २० मीटरच्या आयमॅक्स पडद्यावर लावला, तर तो फक्त ८.४ मीटर उंची भरतो. वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि पडद्याचा पाचवा हिस्सा रिकामा राहतो. आयमॅक्स कॅमेऱ्याने किंवा आयमॅक्सच्या घाटासाठी चित्रित केलेली दृश्यं असतील तरच तो उंच पडदा पूर्ण उजळतो. २००८ च्या 'द डार्क नाइट'मध्ये अशी दृश्यं होती, २०२४ च्या 'ड्यून' भाग दोनमध्ये होती. तुमच्या चित्रपटात ती नसतील, तर तेवढ्याच रुंदीच्या साध्या मोठ्या पडद्यावर तुम्हाला तेवढंच चित्र मिळेल. वेगवेगळ्या साखळ्या अशा पडद्यांना आपापली नावं देतात. नावावर जाऊ नका, रुंदी आणि अंतर विचारा.

प्रकाश आणि काळोख

पडदा दुप्पट रुंद केला की क्षेत्रफळ चौपट होतं आणि तोच प्रकाश चौपट जागेत पसरतो. डिजिटल सिनेमाचं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट. साध्या पडद्यासाठी लागणारे ल्युमेन काढायचे तर चौरस फुटांना १४ ने गुणायचं. ५० बाय २१ फुटांच्या पडद्याला सुमारे १४,७०० ल्युमेन पुरतात. १०० बाय ४२ फुटांच्या पडद्याला ५८,८०० लागतात. म्हणून महाकाय पडद्याला लेसर किंवा दोन प्रोजेक्टर हवेतच. थ्रीडीचा चष्मा चढवला की प्रकाश निम्म्याहून खाली येतो. पडदा मोठा, दिवा दमलेला आणि वर थ्रीडी, असा त्रिवेणी संगम असेल तर दुपारचा शोसुद्धा संध्याकाळसारखा दिसतो.

इथे डॉल्बी सिनेमाचा विचार वेगळा आहे. त्यांचा जोर पडद्याच्या आकारावर कमी आणि उजेड-काळोखातल्या फरकावर जास्त. दुहेरी लेसरमुळे साध्या चित्राला ३१ फूट-लॅम्बर्ट, म्हणजे प्रमाणाच्या दुपटीहून जास्त उजेड मिळतो. आणि काळा रंग खरोखर काळा दिसतो. साध्या थिएटरात रात्रीच्या दृश्यात काळ्याच्या जागी राखाडी धुकं दिसतं, ते इथे दिसत नाही. आवाज ॲटमॉस पद्धतीचा, छतावरूनसुद्धा येणारा. भारतातला पहिला डॉल्बी सिनेमा २०२५ मध्ये आपल्या पुण्यातच, खराडीला सुरू झाला. म्हणजे पुण्याला जाणाऱ्या पार्टीकडे आता दोन पर्याय आहेत. उंच पडद्यासाठी काढलेला चित्रपट असेल तर आयमॅक्स. रात्र, अंतराळ, गुहा, रंग असं काही असेल तर डॉल्बी.

किती 'के' पाहिजेत?

चांगली नजर एका अंशात साधारण ६० ठिपके वेगळे ओळखते. 'टू-के' चित्रात आडवे २०४८ ठिपके असतात. शेवटच्या रांगेत, २८ अंशांत, ते अंशाला ७३ पडतात. म्हणजे तिथे बसून 'फोर-के'चे पैसे भरणं व्यर्थ. ६० अंशांत मात्र अंशाला ३४ च पडतात आणि चित्र मऊ वाटतं. तिथे 'फोर-के'चे ४०९६ ठिपके हवेत, तेव्हा अंशाला ६८ मिळतात. सूत्र सोपं : पुढे बसायचं असेल तरच 'के' मोजा.

टॉकीज विरुद्ध मल्टिप्लेक्स

आपल्या गावातल्या टॉकीजच्या मॅनेजर काकांनी एका सकाळी मला आणि सिव्हिलच्या एका मित्राला ३० मीटरचा टेप घेऊन आत जाऊ दिलं. पडदा निघाला १४ मीटर रुंद. बाल्कनीची शेवटची रांग २७ मीटरवर, कोन २९ अंश. खालच्या मजल्यावरची मधली रांग १२ मीटरवर, कोन ६० अंश! नंतर शहरातल्या एका २० मीटरच्या मोठ्या पडद्याच्या हॉलमध्ये पावलांनी अंदाज घेतला. शेवटची रांग २४ मीटरवर, ४५ अंश. मधली रांग १५ मीटरवर, ६७ अंश.

म्हणजे स्टॉलच्या स्वस्त तिकिटात गावातल्या टॉकीजने शहरातल्या महागड्या शेवटच्या रांगेला कोनात हरवलं. आपण मात्र बाल्कनीत बसतो, कारण बाल्कनी म्हणजे प्रतिष्ठा! प्रकाशात टॉकीज हरली, हेही लिहिलं पाहिजे. पडद्याचे कोपरे काळवंडलेले दिसतात, डावीकडचा स्पीकर खरखरतो. काका म्हणाले, "पोरांनो, तिकिटं खपली तर दिवा बदलीन ना!" त्यांचं म्हणणं मला पटलं. आपण जायचं बंद केलं तर दिवा बदलणार नाही, आणि दिवा बदलत नाही म्हणून आपण जाणार नाही. हे चक्र कुठेतरी तोडायला हवं. स्कोपमधला मराठी-हिंदी चित्रपट असेल तर निदान एकदा खालच्या मधल्या रांगेत बसून बघा, एवढीच विनंती.

तिकीट काढण्याआधी

१. चित्रपटाचा घाट कोणता? स्कोप असेल तर रुंद पडदा शोधा, उंच नको.

२. कोणत्या रांगेची सीट शिल्लक आहे? महाकाय पडद्याची शेवटची रांग घेण्यापेक्षा मध्यम पडद्याची मधली रांग बरी.

३. दिवा लेसर की जुना झेनॉन? थ्रीडी असेल तर हा प्रश्न आधी विचारा.

४. जादा पैसे पडद्याचे आहेत की पाय पसरायच्या खुर्चीचे? खुर्ची चांगलीच असते, पण तिच्यामुळे कोन वाढत नाही.

आणि आपला हॉल?

हे सगळं वाचूनही ज्याला जाणं परवडणार नाही, त्याचं काय? त्याच्यासाठीही हिशेब मांडलाय. होस्टेलच्या हॉलमधला प्रोजेक्टर ३५०० ल्युमेनचा आहे. भिंतीवर २० फूट रुंद आणि सव्वाअकरा फूट उंच पांढरा पडदा ताणला तर क्षेत्रफळ २२५ चौरस फूट. ३५०० भागिले २२५ म्हणजे साडेपंधरा फूट-लॅम्बर्ट. कागदावर तरी थिएटरच्या प्रमाणाहून किंचित जास्त! दिवा जुना झालाय, रंग नीट ठेवले की उजेड अजून उतरेल, तेव्हा पडदा १६ फुटांचा केला तरी चालेल. २० फुटी पडद्यासमोर ६ मीटरवर सतरंजी टाकून बसलं तर कोन ५४ अंश. पावणेतीन विती. काळोख पूर्ण हवा, म्हणजे खिडक्यांना जुन्या चादरी आणि पॅसेजची ट्यूब बंद. काळा रंग राखाडीच दिसेल आणि ॲटमॉसऐवजी गॅदरिंगचे दोन स्पीकर असतील, हे मान्य.

चित्रपट दाखवण्याची रीतसर परवानगी काढावी लागेल. त्यासाठी रेक्टर सरांना अर्ज केला आहे आणि सर "बघू" म्हणालेत. शिवलेला पडदा, दोरी आणि परवानगीचं शुल्क धरून माणशी खर्च दोन वडापावांच्या आत बसतो. ज्यांना यात हातभार लावायचा आहे त्यांनी मेसच्या दारावरच्या यादीत नाव लिहावं. नाव लिहिणाऱ्याने पैसे आत्ता दिलेच पाहिजेत असं नाही. शिष्यवृत्ती आली की द्या.